जॉन एलियट यांची भाषासाधना

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात 1604 साली जॉन एलियट यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकून ते 1631 मध्ये अमेरिकेत आले आणि बॉस्टनजवळच्या रॉक्सबरी गावी धर्मोपदेशक झाले. भोवतालच्या मूळ रहिवाशांची वॅम्पानोआग भाषा फार थोड्या इंग्रजांना येत असे. तिला ना लिपी होती, ना कोश.

चाळिशीच्या सुमारास एलियट ती शिकू लागले. त्यांचा गुरू कोकनो हा 1637 च्या युद्धात पकडला गेलेला आणि इंग्रजाच्या घरी नोकर म्हणून राहिलेला तरुण होता. शिष्य धर्मोपदेशक आणि गुरू युद्धकैदी!

1646 मधील त्यांचा पहिला उपदेश साफ फसला. ऐकणारे कंटाळून गेले. खचून न जाता ऑक्टोबरमध्ये ते वाबान नावाच्या प्रमुखाच्या झोपडीत गेले आणि तासाहून अधिक वेळ बोलले. यावेळी लोकांनीच प्रश्न विचारले. त्यातला एक विलक्षण होता : आमच्या भाषेत केलेली प्रार्थना देवाला कळते का? पुढची चाळीस वर्षे एलियट जणू याच प्रश्नाचे उत्तर देत राहिले.

रॉक्सबरीच्या चर्चचे काम सांभाळून त्यांनी बायबलचा अनुवाद केला. या भाषेत एकेक शब्द ओळभर लांब होत असे. कोकनोनंतर इतर स्थानिक सहकारी मदतीला आले. त्यांतला निपमक जमातीचा एक तरुण छापखान्यात खिळे जुळवीत असे. त्याचे नावच जेम्स प्रिंटर पडले. 1661 मध्ये नवा करार आणि 1663 मध्ये संपूर्ण बायबल छापून झाले. प्रती सुमारे एक हजार. अमेरिकेत छापलेले हे पहिले बायबल, आणि ते इंग्रजीत नव्हते.

मात्र भाषेचा एवढा आदर करणारे एलियट नवख्रिस्ती लोकांनी केस, पोशाख आणि जुन्या चालीरीती सोडाव्यात असा आग्रहही धरीत. तो आज आपल्याला पटणार नाही.

1675 मध्ये इंग्रज आणि मूळ रहिवासी यांच्यात भीषण युद्ध पेटले. इंग्रजांनी आपल्याच धर्मातल्या या लोकांवर अविश्वास दाखवून त्यांना बॉस्टनच्या खाडीतील डिअर बेटावर कोंडले. थंडीने आणि उपासमारीने तेथे अनेक मेले. एलियट होडीने त्यांना भेटायला जात. कैद्यांना गुलाम म्हणून विकण्यालाही त्यांनी उघड विरोध केला, तेव्हा स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. बायबलच्या बहुतेक प्रती युद्धात नष्ट झाल्या.

सत्तरी ओलांडलेल्या एलियट यांनी अनुवाद पुन्हा तपासायला घेतला. युद्धकाळात विरुद्ध बाजूला गेलेला जेम्स प्रिंटर परतला आणि पुन्हा खिळे जुळवू लागला. 1685 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा एलियट 81 वर्षांचे होते. 1690 मध्ये रॉक्सबरीतच त्यांचे निधन झाले.

एकोणिसाव्या शतकात ही भाषा बोलणारे कोणी उरले नाही. 1990 च्या दशकात वॅम्पानोआग लोकांनी ती पुन्हा शिकायला घेतली. पूर्वजांनी याच भाषेत लिहिलेली पत्रे, जमिनींची खरेदीखते आणि एलियट यांचे बायबल समोर ठेवून त्यांनी शब्दकोश रचला. त्यांची मुले आता त्या भाषेचे धडे गिरवतात.