फादर हेन्री गार्नेट : मौनाची किंमत

शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ हे नाटक सत्तेच्या हव्यासापायी राजहत्या करणाऱ्या सरदाराची शोकांतिका म्हणून आपणांस परिचित आहे. सुमारे १६०६ मधील या नाटकात राजाच्या खुनानंतर एक मद्यधुंद द्वारपाल येतो व नरकाच्या दारात एका द्व्यर्थी बोलणाऱ्याचे स्वागत करण्याचे सोंग आणतो. हा टोमणा फादर हेन्री गार्नेट या येशूसंघीय धर्मगुरूंना उद्देशून होता, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांच्या जीवनाचा आपण थोडक्यात परिचय करून घेऊ या.

फादर गार्नेट यांचा जन्म इंग्लंडमधील डर्बीशायर येथे १५५५ च्या सुमारास झाला. १५७५ साली त्यांनी रोममध्ये येशूसंघात प्रवेश केला. १५८५ च्या कायद्याने परदेशात गुरुदीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमधील वास्तव्य हा राजद्रोह ठरला होता. तरीही १५८६ मध्ये ते फादर रॉबर्ट साऊथवेल यांच्यासह गुप्तपणे मायदेशी परतले. पुढे तेथील येशूसंघीयांचे प्रमुख म्हणून त्यांनी श्रद्धावंतांच्या घरी लपूनछपून मिस्सा व संस्कार चालू ठेवले. ब्रदर निकोलस ओवेन भिंतींआड धर्मगुरूंसाठी लपण्याच्या जागा तयार करीत.

१६०३ मध्ये जेम्स राजा गादीवर आला. परंतु कॅथलिकांची सवलतीची आशा फोल ठरली. तेव्हा रॉबर्ट केट्सबी व त्याच्या साथीदारांनी राजासह पार्लमेंट दारूगोळ्याने उडविण्याचा कट रचला. जुलै १६०५ मध्ये फादर टेसिमंड यांच्याकडून, प्रायश्चित्त संस्काराच्या गुप्ततेत, तो फादर गार्नेट यांच्या कानी आला. त्यांनी हिंसेला विरोध केला, सर्व प्रकारच्या बळजबरीस मनाई करण्याची रोमला विनंती केली. मात्र संस्काराची मोहर त्यांनी मोडली नाही. ५ नोव्हेंबर रोजी कट उघडकीस आला.

जानेवारी १६०६ मध्ये हिंडलिप येथील अरुंद लपणातून त्यांना पकडण्यात आले. निरपराधांच्या रक्षणासाठी द्व्यर्थी उत्तर देणे त्यांना क्षम्य वाटे. न्यायालयाने त्यालाच कपट ठरविले. ३ मे १६०६ रोजी लंडनमध्ये त्यांना फाशी देण्यात आली.

साऊथवेल व ओवेन यांना १९७० साली संतपद लाभले. फादर गार्नेट यांना ते लाभलेले नाही. त्यांनी अधिक काही करावयास हवे होते काय, हा प्रश्न आजही विचारला जातो. आम्हांस मात्र एक भेद स्पष्ट दिसतो. नाटकातील चेटकिणींची द्व्यर्थी वाणी महत्त्वाकांक्षेला खतपाणी घालून मॅकबेथचा घात करते. फादर गार्नेट यांच्या मौनामागे स्वार्थ नव्हता, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या प्राणांनी चुकविली.