उषा मेहता: ४२.३४ मीटरवरचा गुप्त आवाज

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या सेवेत न्यायाधीश होते. त्यांच्या निवृत्तीनंतर कुटुंब मुंबईत आले. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन उषाबेन कायदा शिकू लागल्या.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच नेत्यांची धरपकड झाली. वृत्तपत्रांवर निर्बंध होते. तेव्हा २२ वर्षांच्या उषाबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच महिन्यात ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. ट्रान्समीटर उभारण्यात हौशी रेडिओचालक नरिमन प्रिंटर यांचा हात होता. चिमूर-आष्टीच्या अत्याचारांच्या बातम्या या केंद्राने लोकांपर्यंत पोचवल्या.

हे केंद्र ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झवर चाले. हौशी रेडिओचा आजचा ४० मीटर पट्टा तो हाच. या लहरींसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल अँटेना करायचा तर सुमारे २० मीटर तार लागते. मोकळ्या जागेत तिच्या मध्यावरचा इम्पिडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, ७३ ओमच्या आसपास असतो. जमिनीपासूनची उंची आणि जवळचे लोखंड यांमुळे तो बदलतो. तार आजऱ्यात कौलारू घरावरून ओढा किंवा गिरगावात गच्चीवरून, नियम तोच. ट्रान्समीटर आणि अँटेना यांचा मेळ बसला नाही, तर ऊर्जेचा काही भाग मागे परततो, व्हॉल्व्ह तापतात आणि आवाज क्षीण होतो. कॉइल आणि कपॅसिटर लावून हा मेळ बसवावा लागतो.

गुप्त केंद्राची अडचण इथेच असते. एका जागी राहिले तर जुळणी टिकते, पण लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांचे फावते. जागा बदलली की धोका टळतो, पण जुळणी नव्याने तपासावी लागते. काँग्रेस रेडिओने सुरक्षितता निवडली. चौपाटीवरून सुरू झालेले हे केंद्र सतत जागा बदलत राहिले.

अखेर घात लहरींनी केला नाही. पोलिसांच्या हाती लागलेल्या एका तंत्रज्ञाकडून त्यांना पत्ता मिळाला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी, प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. अनेक महिने चौकशी होऊनही उषाबेननी तोंड उघडले नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात गेल्या.

१९४६ मध्ये सुटल्यावर त्यांनी गांधीविचारांवर डॉक्टरेट मिळवली आणि मुंबईत राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले. काँग्रेस रेडिओ जेमतेम तीन महिने चालला, पण नेते तुरुंगात असताना चळवळीचा आवाज त्याने बंद पडू दिला नाही.