तपासून घेतलेला धर्म

धर्म आणि विज्ञान यांचे कधी जमत नाही, असे आपण पुष्कळदा ऐकतो. पूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र वाचताना मला मात्र निराळे दिसले. त्यांच्या थोर जीवनातला तेवढाच धागा मी येथे घेतला आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे न्यूयॉर्क व लंडन येथे त्यांनी अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. पण दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास. मध्ये एकवीस वर्षे गेली. मुलीचे स्थळ पाहताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. येथे तर लाखो माणसांच्या आयुष्याचा प्रश्न होता.

धर्म बुद्धीला पटावा आणि त्याने माणसाचे याच जन्मातले दुःख हलके व्हावे, ही त्यांची कसोटी. प्रत्येक गोष्टीला कारण असते, ही बुद्धाची शिकवण त्यांना म्हणूनच जवळची वाटली. गरिबी आणि अस्पृश्यता ही दैवाची देणगी नव्हे. कारण शोधले तर ती दूर करता येते.

ही कसोटी त्यांनी बुद्धकथेलाही लावली. म्हातारा, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. एकोणतीस वर्षांच्या माणसाने हे पूर्वी पाहिलेच नव्हते, हे बाबासाहेबांना पटेना. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला तंटा मांडला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यासाठी लढलेल्या पुरुषाला पाण्याचे मोल सांगावे लागत नव्हते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या आम्हां लातूरकरांनाही ते सांगावे लागत नाही.

आपल्या मराठवाड्यावर त्यांचे मोठे ऋण आहे. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्याच वर्षी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांच्या संस्थेने महाविद्यालय सुरू केले. तेथे कलेबरोबर विज्ञानही शिकवले जाई. पुढे त्याला नाव मिळाले मिलिंद. भिक्षू नागसेनाला शंकेमागून शंका विचारणाऱ्या ग्रीक राजाचे हे नाव. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयाला द्यावे, यातच सारे आले.

माझी आजी निरक्षर होती. दीक्षा घेतल्यावर घरातले मूल तापाने फणफणले तेव्हा तिने नवस बोलला नाही. बैलगाडी जुंपायला लावून ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिला ना पाली येत होती, ना विज्ञान. दुखण्याला कारण असते, एवढे मात्र तिला पक्के कळले होते.

नागपुरास बाबासाहेबांबरोबर त्यांच्या पत्नी डॉ. सविता यांनीही दीक्षा घेतली. मधुमेहाने शरीर खंगले असतानाही बाबासाहेबांनी ग्रंथाचे काम सोडले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

मंडळाच्या नव्या वर्षात एखादी जुनी रूढी किंवा ऐकीव औषध आपल्यापुढे आले, तर ते खरे कशावरून आणि त्याने कोणाचे दुःख कमी होते, हे दोन प्रश्न आपण मोकळेपणाने विचारू या.