दोन्हीकडच्यांना खरे सांगणाऱ्या रमाबाई



लोणावळ्याहून रोज लोकलने पुण्याला जाणारे आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. तोच लोहमार्ग पुण्यापुढे दौंडकडे जाताना केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशनमध्ये ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिता रमाबाईंनी देह ठेवला. त्या कॅथॉलिक नव्हत्या, आणि त्यांची सर्वच मते आपल्या ख्रिस्तसभेला मान्य होणारी नाहीत. तरीही सत्य कसे बोलावे हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने ते रमाबाईंना दिले. पुढे दुष्काळाने आईवडील नेले. कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता ही पदवी दिली. १८८२ मध्ये वैधव्य आले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांनी स्पष्ट सांगितले की, स्त्रीशिक्षणाला शिकलेले पुरुषच विरोध करतात. ज्यांच्या आधारावर जगायचे, त्यांच्याच तोंडावर हे सांगणे सोपे नव्हते.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी स्नानसंस्कार घेतला. तेथील भगिनींनी त्यांना मायेने सांभाळले. पण केवळ उपकाराखातर, मनाला न पटलेले मान्य करणे त्यांना जमले नाही. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते बोरघाटापलीकडून पुण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुली घरी नेण्यात आल्या. आपली प्रार्थना बंद दाराआड लपवणार नाही, हे रमाबाईंचे म्हणणे मात्र बदलले नाही.

लोक म्हणू लागले, ही बाई सरकारच्या बाजूची. आणि मग १८९७ साली पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असे रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात उघडपणे लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, देणगीदारही ख्रिस्ती होते. गप्प राहणे सोयीचे होते. प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तक्रार खोटी ठरवली. रमाबाईंनी शब्द मागे घेतला नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही पाठ केले होते की, विचार आणि वस्तुस्थिती यांचा मेळ म्हणजे सत्य. व्याख्या बरोबरच आहे. पण सत्य कोणाला सांगायचे, हे त्या व्याख्येत नाही. परक्याचे दोष सांगायला धैर्य लागत नाही. आपल्या माणसाला सांगायला लागते. यहेज्केल संदेष्ट्याला देवाने पहारेकरी नेमले ते त्याच्या स्वतःच्या लोकांसाठी. संकट दिसूनही पहारेकरी गप्प राहिला, तर दोष त्याच्यावर येतो.

आम्हीही गप्प राहिलो आहोत. एका घरात दारूपायी मारहाण होते हे ठाऊक असून, त्या घरच्या जेवणावर बसून आम्ही पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. त्या माउलीने आमच्याकडे एकदा पाहिले. ती नजर आजही विसरता येत नाही.

मात्र रमाबाई नुसत्या बोलल्या नाहीत. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणल्या, केडगावी त्यांना घर आणि हाताला काम दिले. ज्यांच्याविषयी त्या बोलत, त्यांचे पोट आधी भरत. म्हणून त्यांच्या कडू शब्दाला वजन होते.

या आठवड्यात आपल्याला एखाद्याला खरे सांगायचे असेल, तर आधी त्याच्यासाठी प्रार्थना करू या. मग त्याच्या घरी जाऊ या, चारचौघांत नको. आणि सांगून झाल्यावर त्याला एकटे सोडू नये.

प्रभू येशू आपणा सर्वांना बळ देवो.