पु.ल. देशपांडे (चित्रपट व दूरचित्रवाणी कारकीर्द)

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (जन्म : मुंबई, ८ नोव्हेंबर १९१९; मृत्यू : पुणे, १२ जून २०००) हे मराठी लेखक, नाटककार, संगीतकार, अभिनेते व दिग्दर्शक होते.

चित्रपट

राम गबाले दिग्दर्शित ‘वंदे मातरम्’ (१९४८) या चित्रपटात ते व त्यांच्या पत्नी सुनीता देशपांडे प्रमुख भूमिकांत होते. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि भोळ्या नाऱ्याची मुख्य भूमिका देशपांडे यांचीच होती. गीते ग.दि. माडगूळकरांची असून त्यातील अभंग भीमसेन जोशींनी गायला. या सर्वांगीण निर्मितीनंतर मात्र त्यांनी चित्रपटसृष्टी सोडली.

दूरचित्रवाणी आणि पुनरागमन

१९५५ साली ते आकाशवाणीत रुजू झाले. पुढे त्यांनी बीबीसीत प्रशिक्षण घेतले. इंग्लंडच्या या वास्तव्यातून ‘अपूर्वाई’ हे प्रवासवर्णन साकारले. १९५९ साली दिल्लीत सुरू झालेल्या दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या निर्मात्यांपैकी ते एक होते. त्यांनी जवाहरलाल नेहरूंची दूरचित्रवाणीसाठी मुलाखत घेतली. त्यानंतर एकपात्री प्रयोग व लेखन हेच त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र राहिले.

सुमारे चार दशकांनी त्यांनी जब्बार पटेल दिग्दर्शित ‘एक होता विदूषक’ (१९९२) लिहिला. तमाशातून चित्रपटात आणि तेथून राजकारणात ओढल्या गेलेल्या विनोदी नटाची ही शोकात्म कथा आहे.