धर्मानंद कोसंबी : एक अवलिया अभ्यासक

गणितज्ञ डी. डी. कोसंबी आपल्यातल्या काहींना ठाऊक असतील. हे त्यांचे वडील.

जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा जेमतेम. बुद्धचरित्र वाचलं आणि हा धर्म मुळातून शिकायचाच, असं डोक्यात बसलं. १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघाले. (त्या माऊलीने काय सोसलं असेल?) काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. आपण इथे मेसच्या वरणाला नावं ठेवतो! पुढे सिलोनमध्ये पाली शिकले, १९०२ मध्ये दीक्षाही घेतली.

परतल्यावर कलकत्ता विद्यापीठात महिना २५० रुपयांची नोकरी होती. सयाजीराव गायकवाडांनी ५० रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहून काम करायचं. धर्मानंदांनी अडीचशे सोडून पन्नास घेतले. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये हे पॅकेज कुणाला सांगून बघा. पुढे हार्वर्ड, फर्ग्युसन, गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग.

पण त्यांचं खरं धाडस पुस्तकांत आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) मध्ये त्यांनी ती बाजूला सारली. जुन्या पाली सुत्तांच्या आधाराने त्यांनी मांडलं, की शाक्य आणि कोलीय हे आप्तच एकमेकांवर शस्त्रं उपसत होते, त्याचा उबग हे गृहत्यागाचं मोठं कारण. भांडण रोहिणी नदीच्या पाण्याचं! म्हणजे धर्माचा उगम गुहेत नाही, चारचौघांच्या तंट्यात. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ च्या बुद्धग्रंथातही हाच पाणीतंटा येतो.

बौद्धांचीही त्यांनी भीड ठेवली नाही. राजांची दानं आणि जमिनी घेऊन भिक्षुसंघ मिंधा झाला, लोकांपासून तुटला, हे 'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' (१९३५) मध्ये स्पष्ट लिहिलं. स्वतः मात्र परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार काढून राहिले.

शेवटी शरीर थकलं, तेव्हा गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात आले. तिथेच अन्न सोडून जून १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला. मनीषनगरला लागून जाते ना, तीच रेल्वेलाईन सेवाग्रामला पोचवते. दीडेक तास लागतो, रविवारी सहज होतं.