बोरिवलीच्या मुसळीला नाव देणारे फादर सांतापाव

सफेद मुसळीचं नाव आपल्या जालना जिल्ह्यातही पुष्कळांच्या कानावरून गेलंय. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. त्यात मुंबईची बोरिवली आहे. हे नाव देणाऱ्या दोघा अभ्यासकांपैकी एक म्हणजे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव.

त्यांचा जन्म १९०३ साली स्पेनमध्ये झाला. जेझुइट पंथाचे हे धर्मगुरू १९२८ साली भारतात आले आणि इथलेच झाले. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९४० पासून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. खंडाळा, पुरंदरचे डोंगर त्यांनी पायाखाली घातले. झाड मुळासकट काढायचं, फुलासह कागदात दाबून वाळवायचं, त्यावर जागा नि तारीख लिहायची, हा त्यांचा नेम. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. १९६१ ते १९६७ ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० साली मुंबईत ते वारले.

त्यांच्या काळी मुसळी, कांदा, लसूण, शतावरी, कोरफड, कळलावी ही सगळी मंडळी लिलीच्या एकाच कुळात धरत. खूण फुलात होती. कांद्याचं बियाणं घेणाऱ्यांनी गोंड्यातलं एक फूल तळहातावर घेऊन बघावं. पाकळ्या सहा, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. पुंकेसर सहा. मधोमध तीन कप्प्यांचा बीजकोश, तोही पाकळ्यांच्या वर. मुसळीच्या पांढऱ्या फुलातही हाच हिशेब.

पुढे पेशीतल्या डीएनएची तपासणी होऊ लागली आणि १९९८ पासून या मोठ्या खटल्याच्या वाटण्या झाल्या. कांदा-लसूण सुदर्शनाच्या कुळात गेले, मुसळी शतावरीच्या कुळात, कोरफड नि कळलावी आणखी वेगळ्या घरी. फूल सारखं असलं म्हणून रक्ताचं नातं जवळचं असतंच असं नाही, हे त्यातून कळलं. तरी फादरांनी वाळवून ठेवलेले नमुने वाया गेले नाहीत. कुळ बदललं, पण झाड कोणतं हे त्यावरूनच पक्कं होतं.

नावाची ही पारख आपल्यालाही लागते. काळी मुसळी पिवळ्या फुलाची, तिचं कुळच निराळं. नुसतं मुसळी म्हणून बेणं घेतलं तर पैसा नि हंगाम दोन्ही जातात. कळलावीचा कंद तर जहरी. खाण्यात गेला तर माणूस दगावतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तीत बोलीतल्या नावाबरोबर शास्त्रीय नाव, फुलाचा महिना नि जागा लिहावी. जाणत्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन ग्रामपंचायतीने हे काम केलं, तर फादरांची रीत आपल्या शिवारात उतरेल.